आडनांव लिहिलें कोणीं?

(एका खेडेगांवच्या शाळामास्तराकडून)

एसटींत शेजारीं नवखा माणूस येऊन बसला कीं तो अगोदर गांव विचारतो आणि मागोमाग आडनांव विचारतो. उत्तर जाधव किंवा पवार असें आलें तर त्याचें समाधान होत नाहीं, "म्हणजे कुठले जाधव?" असें तो आणखी खोदून विचारतो. उत्तर अगदीं विरळ, कानावर कधीं न पडलेलें असें आलें तर मात्र त्याची पंचाईत होते. मग तो तोंडाकडे पाहतो, कपड्यांकडे पाहतो, सोयरे कोणत्या गांवचे तें विचारतो. त्याला आडनांव नको असतें, त्याला जात पाहिजे असते. विरळ आडनांवाच्या माणसानें त्याचा तराजू बिघडविलेला असतो.

नदीचें मूळ व ऋषीचें कूळ शोधूं नये अशी आपल्यांत म्हण आहे. ऋषींना ही सवलत मिळाली. पण कुणब्याचें, कुंभाराचें, अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्या आपल्या भावाचें कूळ शोधूं नये असें कोणी सांगत नाहीं. तें रोज शोधलें जातें. सोयरीक जुळवितांना शोधलें जातें, शहरांत खोली भाड्यानें घेतांना शोधलें जातें, आणि सांगावयास लाज वाटते, पण शाळेच्या बांकावरही शोधलें जातें. ज्याच्या आडनांवावरून जात कळते त्याला त्या जातीचें माप लावतात. ज्याची कळत नाहीं त्याच्याकडे संशयानें पाहतात.

म्हणून आज वाचकांपुढें आडनांवाचा, आणि त्यांतही विरळ आडनांवाचा विषय मांडतों. आमचें म्हणणें इतकेंच आहे कीं आडनांव हें रक्त नव्हे, आडनांव हा लेख आहे. तो कोणीतरी, केव्हांतरी, कांहीं कारणानें लिहिलेला असतो. तो लिहिणारा हात आपण ओळखावा, आणि पुढचा लेख आपल्या देखरेखीखालीं नीट लिहून घ्यावा.

कागदावर आडनांव नव्हतें

जुन्या दफ्तरांतले कागद ज्यांनीं पाहिले असतील त्यांना ठाऊक आहे कीं तेथें आपल्या आज्या-पणज्यांचीं आडनांवें बहुधा नसतात. अमका बिन तमका, किंवा अमका वलद तमका, आणि पुढें कुणबी, माळी, तेली, सुतार असा जातीचा शब्द, एवढ्यावर नोंद संपते. 'बिन' काय किंवा 'वलद' काय, दोहोंचा अर्थ 'अमक्याचा मुलगा'. हे शब्द सुलतानी अमदानींतून मराठी दफ्तरांत आले आणि इंग्रजी अमदानींतही टिकले. आडनांव लिहिलेलें सांपडतें तें बहुतकरून पाटील, कुलकर्णी, देशमुख यांच्या कागदांत. कारण तेथें वतनाचा वांटा होता आणि वांट्यासाठीं घराणें ओळखावें लागे. ज्याच्या नांवावर वतन त्याला कागदावर आडनांव. ज्याच्या नांवावर नुसते कष्ट त्याला बापाचें नांव आणि जात एवढें पुरे! याचा अर्थ आपल्या पूर्वजांस कूळ नव्हतें असा नव्हे. सोयरिकीच्या वेळीं कूळ, देवक, मूळ गांव हें सारें चोख विचारलें जाई. तें तोंडीं होतें, कागदावर चढलें नव्हतें.

भीमा-कोरेगांवच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईंत कंपनी सरकारच्या बाजूनें पडलेल्या शिपायांचीं नांवें कोरलेलीं आहेत. त्यांतील २२ नांवांच्या शेवटीं 'नाक' हा शब्द येतो. 'नाक' हें आडनांव नव्हे. महार पुरुषाच्या नांवाला जोडलें जाणारें तें उपपद होतें. शिपायाला 'नाक', त्याच्या बापालाही 'नाक'. जीव दिला, दगडावर नांव कोरलें गेलें, आणि तरीही आडनांव नाहीं. यावरून आडनांव ही वस्तु कागदावर येण्यास किती उशीर लागला हें ध्यानांत यावें.

'कर' म्हणजे गांव सोडल्याचा दाखला

मग हीं आडनांवें कागदावर आलीं कोठून? त्यांच्या चार वाटा ठळक दिसतात. पहिली कुळाची: शिंदे, मोरे, पवार, जाधव, चव्हाण. दुसरी कामाची आणि हुद्द्याची: सुतार, लोहार, कुंभार, पाटील, चौगुले, पोतदार. तिसरी पराक्रमाची, खोडीची किंवा शरीराच्या खुणेची: वाघमारे, डोईफोडे, एकबोटे. आणि चौथी गांवाची, म्हणजे शेवटीं 'कर' असलेलीं.

कुळाचीं आडनांवें जातीचा बांध जुमानीत नाहींत. जाधव मराठ्यांत आहेत, धनगरांत आहेत, बौद्धांत आहेत, मातंगांत आहेत. पवार आणि मोरे यांचीही तीच गोष्ट. तेव्हां आडनांवावरून जात ओळखूं म्हणणारा माणूस पहिल्याच पायरीवर घसरतो. तिसऱ्या वाटेवर दुसराच धोका आहे. शब्द ऐकून उत्पत्ति बसविण्याचा आपल्या लोकांस मोठा नाद. वाघमारे म्हटलें कीं पूर्वजानें वाघ मारला असेल हें शब्द सांगतो खरा. पण प्रत्येक वाघमाऱ्यांच्या घरांत त्या वाघाचें कातडें सांपडणार नाहीं. जुना कागद, मूळ गांव आणि जुने सोयरे या तिहींचा मेळ बसल्याशिवाय कोणत्याही आडनांवाची कथा खरी मानूं नये, मग ती कितीही गोड असो.

चौथ्या वाटेंत एक मौज आहे. जो गांवांत राहतो त्याला त्या गांवाचें आडनांव लागण्याचें कारण नसतें. कऱ्हाडांत सगळेच कऱ्हाडचे. तेथें कोणाला कऱ्हाडकर म्हणून वेगळा काढणार? गांव सोडून जो बाहेर पडला त्यालाच नव्या गांवचे लोक जुन्या गांवाच्या नांवानें हांक मारतात. म्हणून 'कर' लागलेलें आडनांव हा बहुधा गांव सोडल्याचा दाखला असतो. कोणी दुष्काळानें निघाला, कोणी सावकाराच्या जाचानें, कोणी भाऊबंदकीनें, कोणी पलटणींत भरती होऊन. गांव लहान असलें आणि त्यांतून एकच घर बाहेर पडलें असलें तर तें आडनांव जन्मतःच विरळ ठरतें. त्याच्या मागें कांहीं गूढ आहे असें समजण्याचें कारण नाहीं. एक लहान गांव, एक सोडलेलें घर आणि एक लिहिणारा, एवढाच त्याचा इतिहास असतो.

तीन थोर पुरुष, तीन आडनांवें

हें सारें सामान्य माणसांचें झालें असें कोणी म्हणेल. म्हणून आपणां सर्वांस वंद्य असे तीन पुरुष घेऊं.

जोतीराव फुल्यांचें घराणें मूळ सातारा जिल्ह्यांतील कटगुणचें, आडनांव गोऱ्हे. त्यांचे पणजोबा तेथें चौगुला होते, म्हणजे गांवकामगार. तेथून घराणें पुरंदर तालुक्यांतील खानवडीस आलें, आणि आजोबा शेटीबा पुढें पुण्यास आले. शेटीबांच्या मुलांनीं फुलांचा धंदा धरला. पेशव्यांच्या वाड्यांत ते फुलें पुरवूं लागले आणि लोक त्यांना फुले म्हणूं लागले. गोऱ्हे हें नांव मागें पडलें. म्हणजे हें आडनांव कोणा ऋषीनें दिलें नाहीं कीं शास्त्रानें दिलें नाहीं. हातांतल्या कामावरून लोकांनीं दिलें. आतां याच घराची पुढची गोष्ट पाहा. १८२७ सालीं जन्मलेल्या जोतीरावांस व सावित्रीबाईंस पोटचें मूल नव्हतें. १८७४ च्या सुमारास त्यांनीं एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला. तोच यशवंत पुढें डॉक्टर झाला, आणि जोतीरावांच्या घरीं फुले हें आडनांव त्यानें चालविलें. आडनांवांत रक्त शोधणारानें येथें काय शोधावें?

शाहू छत्रपतींचा जन्म १८७४ सालीं कागलच्या घाटगे घराण्यांत झाला, नांव यशवंतराव. १७ मार्च १८८४ रोजीं ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि भोसले झाले. एका दिवसांत नांव बदललें, आडनांव बदललें, कुळाचार बदलला. ज्या समाजांत राजाचें आडनांव दत्तविधानाच्या होमापुढें बदलतें त्या समाजानें गरिबाच्या आडनांवाची चिकित्सा करीत बसावें, हा न्याय कोठला?

तिसरें आडनांव सर्वांत विरळ, आणि आम्हां शाळामास्तरांस सर्वांत जवळचें. बाबासाहेबांच्या घराण्याचें कुळाचें आडनांव सकपाळ. मूळ गांव रत्नागिरी जिल्ह्यांतील मंडणगड तालुक्यांतलें आंबडवे. वडील रामजी मालोजी हे पलटणींत सुभेदार होते, आणि मुलाचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजीं महूच्या छावणींत झाला. वडिलांची नोकरी संपल्यावर कुटुंब दापोलीस आणि तेथून साताऱ्यास आलें. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलांत इंग्रजी पहिलींत मुलाचें नांव घातलें गेलें. रजिस्टरांत १९१४ या क्रमांकापुढें नोंद आहे ती 'भिवा रामजी आंबेडकर' अशी. तेथें सकपाळ हा शब्द नाहीं. गांवावरून घराण्यानें लावलेलें आडनांव लांबलचक आणि बोलण्यास अवघड होतें; आंबेडकर नांवाच्या एका ब्राह्मण शिक्षकांचा मुलावर लोभ होता, त्यांनीं आपलें सुटसुटीत आडनांव त्याला लावलें, अशी हकीकत बाबासाहेबांनींच आपल्या आठवणींत सांगितली आहे.

एका पिढीच्या आंत तीन पायऱ्या झाल्या पाहा. सकपाळ हें कूळ, त्यावरून गांवाचें नांव, आणि शेवटीं शिक्षकाच्या लेखणीचा एक फेरा. त्या शिक्षकांचें हें देणें मोकळ्या मनानें मान्य करावें. आम्ही ब्राह्मणशाहीच्या विरुद्ध बोलतों म्हणून माणुसकी दिसली तिकडे डोळे मिटावे असें नाहीं. पण दुसरी बाजूही मिटवूं नये. त्याच शाळकरी वयांत या मुलाला वर्गांत इतरांपासून वेगळें, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावें लागे, आणि शिपायानें नळ सोडला तरच पाणी मिळे. हेंही बाबासाहेबांनींच लिहून ठेविलें आहे. आडनांव बदललें, बैठक बदलली नाहीं. ती बदलण्यास पुढें महाडचें पाणी पेटावें लागलें आणि देशाची घटना लिहावी लागली. आपलें आडनांव बदललें कीं अपमान संपेल असें ज्यांना वाटतें त्यांनीं हें गोणपाट ध्यानांत ठेवावें.

घरांच्या हिशेबानें पाहिलें तर आंबेडकर हें आडनांव विरळच. पाट्यांच्या हिशेबानें पाहिलें तर देशांत त्याची बरोबरी करणारीं आडनांवें थोडीं. उत्तर प्रदेशांत १९९५ सालीं या नांवाचा जिल्हा झाला, आंध्रांत २०२२ सालीं झाला. मराठवाडा विद्यापीठास १४ जानेवारी १९९४ रोजीं हें नांव जोडलें गेलें, आणि त्यासाठीं किती माणसांनीं किती सोसलें हें वाचक विसरले नसतील. ७ नोव्हेंबर हा त्या रजिस्टरांतील नोंदीचा दिवस महाराष्ट्र सरकारनें २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळण्यास आरंभ केला. शाळेच्या एका ओळीचें माहात्म्य याहून अधिक काय सांगावें?

पाटीवरचें गणित

मास्तराच्या हातांत खडू आला कीं तो गणित घालणारच. वाचकांनीं पाटी घ्यावी.

समजा, एका खोऱ्यांत ८१ घरें आहेत आणि प्रत्येक घराचें आडनांव वेगळें आहे. आडनांव मुलगाच चालवितो असें धरूं. दर पिढींत एक तृतीयांश घरांस मुलगा नाहीं, एक तृतीयांशांस एक मुलगा, आणि एक तृतीयांशांस दोन मुलगे. म्हणजे २७ घरांस एकही नाहीं, २७ घरांस मिळून २७, आणि २७ घरांस मिळून ५४. एकूण मुलगे ८१. घरें होतीं तेवढींच राहिलीं. ना साथ आली, ना दुष्काळ पडला. पण २७ आडनांवें बुडालीं आणि ५४ उरलीं. दुसऱ्या पिढींत हाच हिशेब चालवा. ज्यांस एकच मुलगा होता अशा २७ पैकीं ९ आडनांवें बुडतात. ज्यांस दोन होते अशा २७ पैकीं ३ घरांत दोघांसही मुलगा होत नाहीं. उरलीं ४२. तिसऱ्या पिढीअखेर सुमारें ३५ उरतात, चौथीअखेर ३०, पांचवीअखेर २६. घरें अजून ८१ च, आडनांवें मात्र २६! सव्वाशें वर्षांत दोन तृतीयांश आडनांवें नाहींशीं झालीं, आणि यांत कोणाचा कांहीं दोष नाहीं.

विलायतेंत फ्रान्सिस गाल्टन यानें १८७३ सालीं हाच प्रश्न जाहीर रीतीनें विचारला आणि वॉटसन नांवाच्या पाद्र्याच्या मदतीनें १८७४ सालीं त्यावर निबंध छापला. मोठमोठ्या घराण्यांचीं नांवें कां बुडतात याची ती चौकशी होती. गाल्टन हा मोठेपण रक्तांतून येतें असें मानणारा. पण गणितानें दाखविलें तें असें कीं घराण्याचें नांव बुडण्यास रक्ताचा कमजोरपणा लागत नाहीं; फांशाचें दान पुरें होतें. म्हणून एकाद्या आडनांवाचीं चारच घरें उरलीं तर त्यांस कुळाचा शाप लागला असें समजूं नये, आणि एकाद्याचीं हजार घरें झालीं तर त्यानें पुण्याईचा ताठा मिरवूं नये.

या गणितांत मुली कोठें आहेत असें एकादी बहीण विचारील, आणि तिनें विचारावेंच. जीं २७ घरें पहिल्या पिढींत बुडालीं असें आम्हीं म्हटलें त्यांतल्या कित्येक घरांत मुली होत्या. त्या नांदल्या, त्यांना मुलेंबाळें झालीं, वंश चालला. बुडालें तें फक्त नांव. 'वंशाला दिवा पाहिजे' म्हणून मुलीच्या जिवावर उठणाऱ्यांनीं हें पाटीवर मांडून पाहावें. महाराष्ट्र सरकारनें १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतींत मुलाचें नांव, आईचें नांव, बापाचें नांव आणि मग आडनांव असा क्रम सरकारी कागदांत ठरविला. आडनांव बापाचेंच राहिलें. पण आई निदान ओळींत आली.

मोजणारे काय मोजतात

कोरिया देशांत आडनांवांची शिरगणती होते. तेथें पूर्वीं गुलामांस व हलक्या मानलेल्या कित्येक लोकांस आडनांवच नव्हतें. १८९४ च्या सुधारणांत उच्चनीच दर्जे रद्द झाले आणि १९०९ च्या नोंदणीच्या कायद्यानें सर्वांस आडनांव लावणें आलें. तेव्हां पुष्कळांनीं मोठ्या घराण्यांचींच आडनांवें उचललीं. त्याचा परिणाम असा कीं २०१५ च्या शिरगणतींत किम आडनांवाचीं माणसें सुमारें १ कोटी ७ लाख, म्हणजे शेंकडा २१.५ भरलीं, आणि किम, ली व पाक या तीन आडनांवांत निम्म्याच्या जवळपास देश आला. शेजारच्या जपानांत १८७५ सालीं आडनांव सक्तीचें झालें. तेथें लोकांनीं शेत, डोंगर, नदी, झाड यांवरून वेगवेगळीं आडनांवें घेतलीं आणि त्यांची संख्या लाखावर गेली. दोन्हीं ठिकाणीं आडनांव विरळ कीं दाट हें लिहिण्याच्या दिवशीं लोकांनीं काय सांगितलें त्यावर ठरलें.

आपल्याकडे शिरगणतीला दीडशें वर्षें झालीं, पण आडनांवांचें कोष्टक तिच्यांत छापीत नाहींत. म्हणून अमुक आडनांवाचीं तमुक माणसें आहेत असा छातीठोक आंकडा कोणी सांगूं लागला कीं "मोजलीं कोणीं?" असें त्याला विचारावें. मतदारांच्या याद्यांवरून बांधलेला तो अंदाज असतो.

पण आडनांव न मोजतांही आडनांवानें आपल्या मोजणींत केवढा घोटाळा केला तो ऐका. १९३१ च्या शिरगणतींत देशांत ४,१४७ जाती नोंदल्या गेल्या. २०११ सालीं सामाजिक, आर्थिक व जातवार पाहणी झाली तेव्हां जातींचीं नांवें निघालीं ४६ लाखांवर! केंद्र सरकारनें २०२१ सालीं सर्वोच्च न्यायालयांत हें सांगितलें. एकट्या महाराष्ट्रांत ४ लाख २८ हजारांवर नांवें निघालीं, आणि त्यांपैकीं शेंकडा ९९ हून अधिक नांवांखालीं शंभर माणसेंही नव्हतीं. जात विचारली तेव्हां कोणीं कूळ सांगितलें, कोणीं आडनांव, कोणीं पोटजात, कोणीं गोत्र. आणि लिहिणारानें जसें ऐकलें तसें लिहिलें. ते जातवार आंकडे प्रसिद्ध झालेच नाहींत. आपली संख्या किती, आपल्यांत शिकलेले किती, भूमिहीन किती, हें जाणण्याची एक मोठी संधि अशी कागदांत विरून गेली.

३० एप्रिल २०२५ रोजीं केंद्र सरकारनें पुढील शिरगणतींत जात नोंदण्याचा निर्णय केला, आणि त्या शिरगणतीचा दिवस १ मार्च २०२७ ठरविला. तेव्हां जातीच्या प्रश्नास जातच सांगावयाची, आडनांव नव्हे, ही गोष्ट घरोघर पोंचली पाहिजे.

आतां करावयाचें काय

आपल्या घरांतले कागद काढून पाहा. सातबाऱ्यावर एक आडनांव, शिधापत्रिकेवर दुसरें, मुलाच्या दाखल्यावर तिसरें; कोठें ऱ्हस्व, कोठें दीर्घ, कोठें कूळ, कोठें गांव. विरळ आडनांवाची तर आणखी दुर्दशा, कारण लिहिणारास तें ऐकून ठाऊक नसतें. तो जवळचें एकादें ओळखीचें आडनांव ठोकून देतो. गरिबाच्या घरीं हा नुसता शुद्धलेखनाचा प्रश्न राहत नाहीं. मुलगा पुढें जातीच्या पडताळणीसाठीं जातो तेव्हां जुना कागद मागतात. इतर मागासवर्गासाठीं १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त व भटक्यांसाठीं २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठीं १० ऑगस्ट १९५० या तारखांच्या पूर्वींचा पुरावा महत्त्वाचा धरतात. त्या कागदांतला मनुष्य आपलाच आजा, हें दाखवितांना आडनांवाचें एक अक्षर आडवें येतें. २०२३ पासून न्यायमूर्ति शिंदे समितीनें कुणबी नोंदींसाठीं जुनीं दफ्तरें चाळलीं तेव्हांही हेंच दिसलें असेल: नोंदींत जात आहे, बापाचें नांव आहे, आडनांव नाहीं. अशा वेळीं वंशावळ ज्याच्या घरीं लिहिलेली आहे तोच तरतो.

म्हणून चार गोष्टी सांगतों. पहिली, घरांतलें वडील माणूस हयात आहे तोंवर त्याच्याकडून चार पिढ्यांचीं नांवें, मूळ गांव, गांव सोडल्याचें कारण आणि जुने सोयरे एका वहींत लिहून ठेवा. सुनांचीं व लेकींचीं नांवेंही लिहा. भाटानें सांगितलेली वंशावळ नको, आज्यानें सांगितलेली पाहिजे. दुसरी, आडनांवाचें एकच रूप ठरवा आणि सर्व कागदांवर तेंच लावा. तिसरी, शाळेच्या रजिस्टरांत चूक दिसली तर मूल शाळेंत आहे तोंवरच ती दुरुस्त करून घ्या. दाखला हातीं पडल्यावर तेंच काम डोंगराएवढें होतें. चौथी, आपलें आडनांव ओबडधोबड आहे, लोक हसतात, म्हणून मुलाला चोरून दुसरें आडनांव लावूं नका. बदलावयाचेंच असेल तर उघड, राजपत्रांत छापून, सर्व कागदांवर एकदम बदला. पण आमचा सल्ला विचाराल तर बदलूं नका. ज्या नांवानें आजा नांगर धरीत होता त्या नांवांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. हंसणाराला वर्गाबाहेर उभें करण्याचें काम आमचें.

आमच्या शिक्षकबंधूंसही एक विनंति आहे. साताऱ्याच्या त्या रजिस्टरांतील एका ओळीनें काय घडलें तें आपण जाणतों. आपल्या हातांतली ओळही तितकीच जड आहे. बापाला लिहितां येत नाहीं म्हणून घाईनें कांहीं खरडूं नये. आडनांव दोनदां विचारावें, लिहिलेलें मोठ्यानें वाचून दाखवावें, आणि ऐकतांना मनांतल्या मनांत त्याची जात शोधूं नये.

गोऱ्ह्यांचे फुले धंद्यानें झाले, घाटग्यांचे भोसले दत्तविधानानें झाले, सकपाळांचे आंबेडकर रजिस्टरानें झाले. त्या तिघांस थोर मात्र कोणत्याही आडनांवानें केलें नाहीं; तें त्यांच्या कामानें केलें. आईबापांनो, जूनमध्यें शाळेंत नांव घालावयास याल तेव्हां जुने कागद घेऊन या, आणि जमल्यास आज्यालाही बरोबर आणा. लेखणी आमच्या हातीं असली तरी काय लिहावयाचें तें सांगण्याचा हक्क तुमचा आहे.